दमट हवेची पट्टी

"अरे, ते उठगाणं आहे!" ड्रमवाला धडाम म्हणाला आणि हातातली काठी त्याने स्वतःच्याच मांडीवर आपटली. "पहिली ओळ संपायच्या आत अर्धं थिएटर बाहेर. लघवीला रांग, कॉफीला रांग. आणि आपण इकडे लोकांच्या पाठी बघत वाजवायचं."

उठगाणं हा या चौघांच्या बँडमधला घरगुती शब्द. ज्या गाण्यावर लोक नाचायला उठतात ते उठगाणं नव्हे. ज्या गाण्यावर लोक बाहेर जायला उठतात ते उठगाणं. नाचायला उठवणाऱ्या गाण्यांना ते हुकमी म्हणत. हुकमी गाणी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण चाळीस वर्षं त्यांनीच या चौघांना गावोगाव फिरवलं होतं. बाकीची सगळी तळातली. जुन्या रेकॉर्डींच्या मागच्या बाजूला, शेवटून दुसरी अशी कुठेतरी निजलेली. ती ऐकायला हट्टाने येणारे थोडे लोक होते, त्यांना काडी 'खोदकामे' म्हणायचा. काडी गिटार वाजवायचा आणि काडीसारखाच होता.

"एकदाच," मुका म्हणाला. "या गावापुरतं."

मुका बेस वाजवायचा, म्हणजे जाड तारांची ती गिटार, जी थांबली तरच लोकांना ती असल्याचं कळतं. मंचावर तो कधी अवाक्षर बोलला नाही म्हणून त्याचं नाव मुका पडलं. तरुणपणी पहिल्या रांगेतून पोरी "मुका! मुका!" ओरडायच्या, तेव्हा त्या हाक मारतायत की काही मागतायत हे त्याला कधीच उमगलं नाही. उमगून उपयोगही नव्हता. मागत असतील तर त्या नवरदेवाकडे मागत होत्या.

नवरदेव म्हणजे गायक. सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत नटून मंचावर यायचा, म्हणून नवरदेव. आत्ता तो तालमीच्या खोलीत आडवा पसरला होता, गळ्याला मफलर, डोळे मिटलेले. भिंतीवर गाण्यांच्या क्रमाचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर नवं गाणं घुसवायला फट नव्हती.

"लोक आपल्याला ऐकायला येत नाहीत रे मुक्या," तो डोळे न उघडता म्हणाला. "स्वतःची जवानी ऐकायला येतात. तुझ्या त्या गाण्यात त्यांची जवानी नाहीये."

"माहितीय. पण ही येतेय. पहिल्यांदाच येतेय."

बोलून गेल्यावर मुक्याचे कान तापले. इतकी वर्षं त्याने काही म्हणता काही मागितलं नव्हतं. ना नाव, ना पुढची जागा, ना मुलाखतीत खुर्ची. आणि आता केस पांढरे झाल्यावर, खेळात न घेतलेल्या पोरासारखं, माझं पण, माझं पण. शिवाय बायकोचं नाव पुढे करून.

नवरदेवाने डोळे उघडले. "वहिनी येतायत? मग आधी नाही का सांगायचं? टाक. मध्यावर टाक. धडाम, तुला त्यात शेवटापर्यंत वाजवायचंच नाहीये, तूही जाऊन ये रांगेत."

सगळे हसले. मुकाही हसला. तालमीत त्याने ते गाणं नेहमीच्या, रोजच्या बेसवर वाजवलं, आणि नवरदेवाने नुसतं गुणगुणून घेतलं, कारण तालमीत तो आता गळा खर्च करत नसे.

गाणं साधंच होतं. दोन कडव्यांपर्यंत फक्त बेस आणि गळा. बाकीचे अगदी शेवटी येतात. म्हणून तर ते कधी चाललं नाही. फार वर्षांपूर्वी एका लांबच्या दौऱ्यात मुक्याने घरी फोन केला होता, आणि बायको म्हणाली होती, "तुमचा सदरा धुऊन वाळत टाकलाय. वारा भरला की वाटतं, आलात." तिने सहज म्हटलं आणि फोन ठेवला. मुक्याने मात्र ते वाक्य रात्रभर हातात धरून ठेवलं आणि त्याची ओळ केली:

दोरीवर झुले
रिकामी ही बाही
कुणी आत नाही
वाऱ्याविना

'वाऱ्याविना'मधला 'वा' एकदम वर उडायचा, दोरीवरचा कपडा सुटून जावा तसा. ज्या काळी नवरदेवाचा गळा आभाळाला शिडी लावायचा, त्या काळची ती चाल.

आता तो काळ राहिला नव्हता, आणि ते कुणी बोलत नसे. काही वर्षांमागे एका कार्यक्रमात नवरदेवाचा वरचा सूर तीनदा अडकला. दुसऱ्या दिवशी तालमीला काडी खिडकीपाशी उभा राहून म्हणाला, "हवा फार दमट आहे आज. तारा तुटतील. जरा सैल ठेवू या." बाहेर रखरखीत ऊन होतं. मुक्याने उन्हाकडे पाहिलं, काडीकडे पाहिलं, आणि मुकाट्याने आपल्या गिटारीच्या खुंट्या पिळल्या. दोघांच्या तारा दोन घरं खाली आल्या, गाण्यांची पट्टी उतरली, आणि नवरदेव त्या दिवशी पोटभर गायला. तेव्हापासून हवा जी दमट झाली ती झालीच. बर्फ पडो नाहीतर वणवा लागो, काडी तालमीत शिरताना नाक वर करून म्हणायचा, "दमट आहे बुवा," आणि मुका खुंट्या पिळायचा. कुणी कधी खुलासा मागितला नाही. इतक्या वर्षांच्या भांडणांत, रुसव्यांत, एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्यांत एवढी एकच गोष्ट त्या चौघांनी न बोलता सांभाळली होती.

---

बायकोचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. विजारी आखूड करणं, कमरा सैल करणं, चेन बदलणं. दौरा नसला की मुका गल्ल्यापाशी बसायचा, कपडे घ्यायचा, चिठ्ठ्या टाचायचा. गिऱ्हाईकं त्याला 'काका' म्हणत आणि विजार बुधवारपर्यंत मिळेल ना, एवढंच विचारत. त्याच्या डोक्यावर, भिंतीवर, त्याची पहिली बेस टांगलेली असायची. पॉलिश उडालेली, एक कोपरा ठेचलेला. दर रविवारी तो तिला खाली काढून सुरात लावायचा. मूळच्या सुरात, कोरड्या हवेच्या. भिंतीवरच्या वाद्याला कुणासाठी उतरायची गरज नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी त्याने ती खाली काढली.

"अहो, ते धूड कुठे निघालं?" बायकोने तोंडातल्या टाचण्या न काढता विचारलं.

"त्या गाण्याला हीच घेतो आज. बसवलं होतं हिच्यावरच."

"मग पुसून तरी न्या. लोक म्हणतील, बायको घर झाडत नाही वाटतं." तिने मशीनवरचं फडकं फेकलं. मग पाय थांबवून म्हणाली, "मी काय नेसू… म्हणजे, तिथे कसे कपडे घालतात?"

"काहीही चालतं गं. आमचेच लोक आता दुपारच्या खेळाला येतात. गुडघ्याला पट्टा बांधून."

"मग मी शोभेन," ती म्हणाली आणि पुन्हा मशीन सुरू झालं.

मुक्याने बेस पुसली. एकेक तार छेडून पाहिली. सुरात होती. अगदी सुरात. तेवढंच त्याने पाहिलं.

---

थिएटर भरलं होतं. पहिली दोन हुकमी गाणी झाली आणि लोकांनी ती नवरदेवापेक्षा मोठ्याने म्हटली. टकलं हलत होती, चष्मे चमकत होते. मुक्याला सहाव्या रांगेत बायको दिसली. निळा शर्ट, मांडीवर पर्स घट्ट धरलेली, शेजारी लेक, हातातला फोन वर करून.

मग कार्यक्रमाच्या मध्यावर दिवे मंद झाले. काडी आणि धडाम मागे सरले. मुक्याने रोजची बेस ठेवली, जुनी गळ्यात घातली आणि पहिला सूर सोडला.

काय गोड सूर होता तो! घट्ट, कोरडा, विहिरीत पडलेल्या दगडासारखा गोल. मुक्याच्या छातीत तो जाऊन बसला, ओळखीच्या माणसाने न विचारता घरात येऊन बसावं तसा. आणि दुसऱ्या सुराला त्याला कळलं.

ही तर उतरवलेलीच नव्हती. दमट हवा हिला ठाऊकच नव्हती.

सुरुवातीचा तुकडा चांगला लांब होता. त्यात थांबता आलं असतं. खुंटी पिळून, हसून, "चुकलं" म्हणून पुन्हा सुरू करता आलं असतं. जुन्या बँडच्या असल्या चुका लोकांना आवडतातसुद्धा. रोजची बेस हाताशी, एका पावलावर होती. मुक्याला हे सगळं कळत होतं, आणि त्याची बोटं वाजवत राहिली. कारण इतक्या वर्षांनी ते गाणं स्वतःच्या उंचीवर उभं राहिलं होतं. कारण सहाव्या रांगेत ती बसली होती. कारण आयुष्यभर दुसऱ्याच्या गळ्याखाली सतरंजी होऊन पडल्यावर आज एकदा, थोडा वेळ, त्याला हवं ते हवं होतं. कारणं काय, वाटेल तेवढी असतात.

नवरदेव माइकशी आला. त्याने एकदाच वळून पाहिलं. मुक्याने मान खाली घालून स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"दोरीवर झुले…" नवरदेवाने त्याच सुरात उचललं. "रिकामी ही बाही…" आवाज ताणला गेला होता, पण होता. खुर्च्या वाजल्या; लोक उठू लागले, वाकून, सॉरी सॉरी करत. "कुणी आत नाही…"

आणि मग तो वर गेला.

सूर लागला नाही. सूर फाटलाही नाही. फाटला असता तर एकदाच वाजला असता. तो मधेच सुटला, खाली पडला, पुन्हा उचलायला गेला आणि खरखरत राहिला. बाहेर निघालेले लोक दारापाशी थबकले. कुणीतरी फस्सकन हसलं. बऱ्याच हातांत फोन वर आले, आणि त्यांच्या छोट्या उजेडात नवरदेवाची मान दिसली, तिच्यावरच्या दोरखंडासारख्या शिरा दिसल्या, गालांवरचा रंग घामाने ओघळलेला दिसला.

आता तरी हा खाली घेईल, मुक्याला वाटलं. पण दुसरं कडवं आलं आणि नवरदेवाने ते तिथेच उचललं.

पिळलेले पाणी
उतरले खाली
ओल का राहिली
शिवणीत

पुन्हा तीच चढण, पुन्हा तीच पडझड. काडीने दोन्ही तळवे स्वतःच्या तारांवर दाबून धरले होते. त्याच्या उतरवलेल्या तारा या गाण्यात आल्या असत्या तर सगळंच बेसूर झालं असतं. धडाम काठ्या मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत होता. शेवटी जे सगळ्यांनी मिळून वाजवायचं ते कुणी वाजवलं नाही. मुका एकटाच गाणं संपवून थांबला.

नवरदेव घाम पुसून माइकमध्ये म्हणाला, "मंडळी, बघितलंत? गाण्याचं वय झालं नाही, आमचं झालं." लोक हसले, टाळ्या पडल्या. मग त्याने हात वर केला, सगळ्यांत हुकमी गाणं सुरू झालं, बाहेर गेलेले धावत आत आले, आणि जणू मधे काही घडलंच नाही.

---

मंचामागच्या बोळात एक मोठ्या पोटाचा गृहस्थ मुक्याची वाट बघत होता. अंगात बँडचा जुना टीशर्ट, काखेत जुनी रेकॉर्ड. पक्का खोदकामा.

"सर, कमाल केलीत! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मूळ पट्टीत! बाकी सगळं तुम्ही लोकांनी खाली आणलंय, आम्हाला काय कळत नाही होय? तुमच्या गायकाचं आटपलंय आता. पण तुम्ही नाही हटलात. नाही खाली आलात. सलाम!"

आणि मुक्याच्या तोंडून, निव्वळ सवयीने, "थँक्यू" निघून गेलं.

त्याने रेकॉर्डवर सही केली. पेन परत देताना वर पाहिलं तर दारात नवरदेव उभा होता, गळ्यात टॉवेल टाकून. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने त्या गृहस्थाकडे बघून हात हलवला, अगदी नवरदेवासारखा, आणि आत जाऊन दार हळूच लोटलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग बायको आणि लेक आल्या. लेक भराभरा बोलत होती. "बाबा, मी आख्खं गाणं घेतलंय. तुमचं एकदम मस्त आलंय. काकांचं जरा… ते मी कापते."

"कापू नकोस," मुका म्हणाला. "आणि कुणाला पाठवूही नकोस."

बाहेर उतरत्या उन्हात पार्किंगच्या भिंतीशी लेक गाडी काढेपर्यंत बायको त्याच्याजवळ उभी राहिली. त्याच्या सदऱ्याच्या बाहीचा एक दोरा सुटला होता, तो तिने बोटाला गुंडाळून तोडला.

"कसं वाटलं?" त्याने विचारलं. न विचारता राहवलं नाही.

"मला त्यातलं सूरबीर कळत नाही," ती म्हणाली. "पण भावजींना किती कष्ट पडत होते हो. सारखे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत."

"वाजवताना बघता येत नाही."

"बाकीच्या गाण्यांना बघत होतात की."

मुक्याला वाटलं, जमीन दुभंगावी. पण पार्किंगची जमीन सिमेंटची होती.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी बस निघाली. बाकीचे झोपले होते. नवरदेव खिडकीशी मफलर गुंडाळून बसला होता आणि शेजारची जागा रिकामी होती. मुका बराच वेळ उभ्या उभ्या आधाराचा दांडा धरून राहिला, मग जाऊन बसला.

"बेस उतरवायची राहिली," तो म्हणाला. "जुनी होती. माझ्या लक्षात…"

"कितव्या सुराला कळलं?" नवरदेवाचा आवाज बसला होता, पोत्यावर पोतं घासावं तसा.

खोटं बोलायला मुक्याला एक क्षण मिळाला होता आणि तो त्याने जाऊ दिला. "दुसऱ्या."

"मला पहिल्याच." नवरदेव खिडकीतून बाहेर बघत राहिला. "मग थांबला का नाहीस?"

"कानाला बरं वाटत होतं."

हे इतकं खरं आणि इतकं हलकं होतं की मुक्याला स्वतःच्याच शेजारी बसवेना. नवरदेवाने नुसती मान हलवली.

"मलाही," तो म्हणाला. "मला वाटलं, आज लागेल."

बस एका पुलावरून गेली. चाकांचा आवाज बदलला, पुन्हा नेहमीसारखा झाला.

"आणि तुम्ही तिघं," नवरदेव म्हणाला, "इतकी वर्षं मला दमट हवेत ठेवलंत. मला कळत नव्हतं वाटलं? बाहेर ऊन दिसायचं की रे मला. काडी नाक वर करून वास घ्यायचा तेव्हा हसू दाबताना जीव जायचा माझा. पण म्हटलं, गप्प बसावं. तुम्हाला ओशाळवाणं व्हायला नको."

मुक्याला काही बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं. पण चाळीस वर्षांत असले शब्द त्यांच्यात कधी वापरात नव्हते, आणि आयत्या वेळी ते सापडेनात. त्याने खिशातली खोकल्याची गोळी काढली. नवरदेवाने घेतली, कागद सोडवला, कागद मुक्याच्या हातात दिला आणि डोळे मिटले.

पुढच्या गावचं थिएटर रिकामं होतं. एक बाई खुर्च्या पुसत होती. मुका वायरी जोडत होता, तेव्हा नवरदेव मंचावर आला. आवाजाच्या चाचणीला तो कित्येक वर्षांत फिरकला नव्हता. धडाम आणि काडी एकमेकांकडे बघून उगाच आपापल्या वस्तू आवरू लागले.

"तुझं ते गाणं," नवरदेव म्हणाला.

"नको रे. राहू दे ते."

"वाजव. पेटीतली ती जुनीच काढ."

मुक्याने ती काढली. "किती उतरवू?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी मोठ्याने विचारत होतं.

"दोन घरं."

मुक्याने खुंट्या पिळल्या. नवरदेवाने तोंड उघडून पाहिलं, मान हलवली. "अजून खाली."

अजून खाली.

"अजून."

तारा लोंबायला लागल्या. त्यांच्यात आता तो घट्ट गोलवा राहिला नव्हता. सूर कमी आणि खडखड जास्त. जाड तार तर लाकडावर आपटत होती.

"हां," नवरदेव म्हणाला. "इथे."

त्याने माइक घेतला नाही. बोलावं तसा, जवळजवळ बोलतच, गायला लागला. दोरी, बाही, वारा. 'वाऱ्याविना'ला सूर वर गेला तो एक पायरीच गेला, तिथे थोडा थांबला, आणि धड खाली आला. मागे खुर्च्यांवरून ओलं फडकं फिरत होतं. जाड तार खडखडू नये म्हणून मुक्याने तळहाताची कड तिच्यावर ठेवली, फार दाबली तर सूर मरतो, सोडली तर खडखडतो, तेवढी, बेताने. आणि गाणं संपेपर्यंत मनगट भरून आलं तरी हात काढला नाही.